डिरेक्टरी सर्व्हरच्या वेगाचे मापन

संगणकांच्या जाळ्यावर चालणाऱ्या कोणत्याही संस्थेला माणसांची, यंत्रांची आणि त्यांना दिलेल्या अधिकारांची एक सामाईक नोंदवही ठेवावी लागते, आणि ही नोंदवही सांभाळून तिच्याबद्दल विचारलेल्या प्रश्नांना तत्काळ उत्तर देणाऱ्या सॉफ्टवेअरला डिरेक्टरी सर्व्हर असे म्हणतात. अमुक नावाचा कर्मचारी संस्थेत आहे काय, त्याने टंकलेला पासवर्ड बरोबर आहे काय, तो कोणत्या विभागात काम करतो, भांडाराचे हिशेब पाहण्याची त्याला मुभा आहे काय, असे प्रश्न ईमेल, वायफाय, हजेरी, लेखा आणि भांडार यांच्या निरनिराळ्या प्रणाली दिवसभर याच एका ठिकाणी विचारत असतात. त्यामुळे हा सर्व्हर मंदावला की एकाच वेळी सगळेच मंदावते. मात्र वापरणाऱ्याला समोर दिसतो तो अडकलेला ईमेल किंवा न उघडणारा हजेरीचा पडदा, आणि खऱ्या कारणाकडे बहुधा सर्वांत शेवटी लक्ष जाते.

या नोंदवहीतील माहिती झाडाच्या आकारात रचलेली असते: मुळाशी संस्था, तिच्यापासून फुटणारे विभाग, त्यांच्या टोकाला व्यक्ती किंवा यंत्र, आणि टोकापासून मुळापर्यंतचा मार्ग हेच त्या नोंदीचे पूर्ण नाव. ही रचना १९८८ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार मंडळाने मान्य केलेल्या एक्स.५०० या मानकातून आली, परंतु ते मानक ज्या संदेशवहनपद्धतीवर उभे होते ती त्या काळच्या टेबलावरील संगणकांना न पेलणारी होती. मिशिगन विद्यापीठातील टिम हाऊझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हलकी पद्धत तयार केली, ती एलडॅप या नावाने जुलै १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि आरंभी एक्स.५०० सर्व्हरच्या पुढे दुभाष्याचे काम करणारी ही पद्धत १९९५ पासून स्वतंत्र सर्व्हरच्या रूपाने उभी राहिली. डिसेंबर १९९७ मध्ये तिची तिसरी आवृत्ती आली, आणि पुढच्या सर्व सर्व्हरांचा पाया तीच ठरली. मिशिगनच्या मूळ सॉफ्टवेअरचा वारसा १९९८ पासून ओपनएलडॅप प्रकल्पाने चालवला. हाऊझ नेटस्केपमध्ये गेल्यानंतर तिथे घडलेला सर्व्हर एका वाटेने सन मायक्रोसिस्टिम्सकडे आणि दुसऱ्या वाटेने, २००४ च्या अखेरीच्या खरेदीतून, रेड हॅटकडे आला, आणि आज ३८९ डिरेक्टरी सर्व्हर या नावाने ओळखला जातो. ३८९ हा एलडॅपसाठी राखून ठेवलेल्या पोर्टचा क्रमांक. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० बरोबर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आणली, तर सनने ओपनडीएस हा संपूर्णपणे जावा भाषेत लिहिलेला सर्व्हर खुला केला. बाहेरून पाहता हे सर्व एकच भाषा बोलतात, परंतु माहिती डिस्कवर कशी ठेवायची, मेमरीत काय बाळगायचे, एका वेळी किती कामे हाताळायची, याबाबत प्रत्येकाची आतील घडण वेगळी आहे. ज्या संस्थेला यांपैकी एक निवडायचा असतो तिच्यापुढे यातूनच तुलनेचा प्रश्न उभा राहतो: कोणता सर्व्हर, कोणत्या यंत्रावर, कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर अधिक वेगाने चालतो?

महाराष्ट्रात या तंत्राचा परिचय सर्वाधिक विद्यार्थ्यांना झाला असेल तो पवईच्या आयआयटी मुंबईत, कारण तेथे ईमेलपासून इंटरनेटपर्यंतच्या सोयी ज्या एका खात्याने उघडतात त्याला विद्यार्थी सरळ ‘एलडॅप आयडी’ म्हणतात. तेथे संगणक केंद्र आहे, जाणकार मनुष्यबळ आहे. याउलट दादरा व नगर हवेलीतील सामरवरणी, मसाट, रखोली, खडोली, पिपरिया, नरोली अशा सिल्वासाभोवतालच्या गावांमध्ये कृत्रिम धाग्याचे, प्लॅस्टिकचे, केबलचे कारखाने दाटीने उभे आहेत, आणि तेथील मध्यम आकाराच्या कारखान्यात संगणक सांभाळणारी माणसे बहुधा बोटांवर मोजण्याइतकीच असतात. काम पाळ्यांमध्ये चालते, कंत्राटी कामगार सतत बदलतात, पाळी बदलताना काही मिनिटांत शेकडो जण हजेरीयंत्रापुढे किंवा संगणकापुढे येतात, आणि कामगारांची नावे गुजराती, मराठी, हिंदी, वारली अशा निरनिराळ्या परंपरांतून आलेली असतात. अशा ठिकाणी सर्व्हर विकायला आलेला प्रतिनिधी ‘सेकंदाला इतके हजार शोध’ असा एकच आकडा पुढे करतो, आणि त्या आकड्यात यांपैकी एकही गोष्ट मोजलेली नसते.

वेगाचा आकडा हा एकट्या सॉफ्टवेअरचा गुण कधीच नसतो. सॉफ्टवेअर, यंत्र, ऑपरेटिंग सिस्टिम, नोंदींची संख्या व घडण, आणि त्यांना विचारलेल्या प्रश्नांचे मिश्रण अशा पाच गोष्टींच्या एका विशिष्ट जोडणीचा तो गुण असतो, आणि यांपैकी एक जरी बदलली तरी सर्व्हरांचा क्रम उलटा होऊ शकतो. पुढील विवेचनाचा उद्देश हा क्रम कोठे आणि का उलटतो हे दाखवणे एवढाच आहे.

डिरेक्टरी सर्व्हरवर होणाऱ्या क्रिया मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. पहिली शोध, म्हणजे अटीत बसणाऱ्या नोंदी काढून देणे. दुसरी बाइंड, म्हणजे नाव आणि पासवर्ड तपासून ओळख पटवणे. तिसरी लेखन, म्हणजे नोंद घालणे, बदलणे किंवा काढून टाकणे. डिरेक्टरी वाचनासाठी घडवलेली असते, लेखन तुलनेने विरळ असते, या गृहीतकावर या सर्व सर्व्हरांची रचना झालेली आहे, आणि म्हणून प्रसिद्ध होणारे बहुतेक आकडे शोधांचेच असतात. या तीन क्रिया यंत्राच्या तीन वेगळ्या भागांवर भार टाकतात: शोधाचा भार मेमरीवर पडतो, बाइंडचा प्रोसेसरवर आणि लेखनाचा डिस्कवर. एखाद्या यंत्रात मेमरी विपुल पण डिस्क मंद असेल तर शोधाच्या कसोटीत ते पहिले येईल आणि लेखनाच्या कसोटीत शेवटचे.

शोध वेगाने व्हावा म्हणून सर्व्हर सूची बाळगतो, म्हणजे एखाद्या गुणाचे मूल्य आणि ते मूल्य ज्या नोंदींत आहे त्यांचे क्रमांक यांची तयार यादी. नेमक्या मूल्याची सूची असली की लाखो नोंदींतूनही हवी ती नोंद मोजक्या पायऱ्यांत सापडते. सूचीच नसली तर सर्व्हरला एकेक नोंद उघडून पाहावी लागते, आणि मग महागडे यंत्रही साध्या यंत्राइतकेच केविलवाणे ठरते. नावाचा तुकडा देऊन शोधण्यासाठी वेगळी सूची लागते, तिच्यात प्रत्येक नावाचे लहान लहान तुकडे नोंदवलेले असतात. कसोटीसाठी तयार केलेल्या कृत्रिम नोंदींमधील दोष येथे उघडा पडतो. अशा नोंदी बहुधा एखादी छोटी आज्ञावली क्रमांक जोडत तयार करते, म्हणून प्रत्येक नाव वेगळे असते आणि सूचीतील प्रत्येक यादी आखूड राहते. सिल्वासाच्या परिसरातील खऱ्या हजेरीपटात पटेल, पाटील, यादव अशी आडनावे पुन्हा पुन्हा येतात, परिणामी एकेका मूल्यापुढील यादी लांबत जाते. ओपनएलडॅपमध्ये अशी यादी नेहमीच्या मांडणीत ६५,५३६ क्रमांकांपर्यंत नेमकी ठेवली जाते, आणि तिच्यापलीकडे गेल्यावर ‘या क्रमांकापासून त्या क्रमांकापर्यंत’ असा ढोबळ पट्टा तेवढा शिल्लक राहतो. मग त्या पट्ट्यातील नोंदी एकेक करून तपासाव्या लागतात. एका कारखान्यात ही मर्यादा गाठली जाणार नाही, पण राज्यस्तरीय विद्यापीठात किंवा मोठ्या शासकीय खात्यात ती सहज गाठली जाईल, आणि क्रमांक जोडून तयार केलेल्या नावांवर घेतलेली कसोटी तिचा मागमूसही लागू देणार नाही.

देवनागरी आणि गुजराती नावांचा मुद्दा याला लागूनच आहे. एलडॅपची तिसरी आवृत्ती मजकूर यूटीएफ-८ या पद्धतीने साठवते, आणि या पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो तेथे देवनागरीतील प्रत्येक वर्णाला किंवा मात्रेला तीन बाइट लागतात. त्यामुळे नावे स्थानिक लिपीत ठेवली की नोंदी मोठ्या होतात, सूच्या फुगतात, आणि तुलना करण्याआधी मजकूर एकसारख्या रूपात आणण्याचे कामही वाढते. ही वाढ भयंकर नाही. परंतु मेमरी जेमतेम पुरेल अशा बेताने यंत्र घेतले असेल तर याच वाढीमुळे सर्व माहिती मेमरीत मावण्याची सीमा ओलांडली जाऊ शकते. मराठी किंवा गुजराती नावे ठेवणाऱ्या संस्थेने कसोटीच्या नोंदीही त्याच लिपीत घ्याव्यात, हे म्हणूनच साध्या हिशेबाचे सांगणे आहे.

मेमरीची ही सीमा सर्व सर्व्हरांच्या वर्तनातील सर्वांत मोठी पायरी असते. संपूर्ण माहिती मेमरीत असेपर्यंत शोधाचा वेग जवळपास सपाट राहतो, आणि ती मावेनाशी होताच तो एकदम खाली येतो, कारण मेमरीतील वाचन आणि फिरत्या डिस्कवरील वाचन यांच्या वेळांत लाखपटीच्या पातळीचा फरक असतो. ही पायरी कोठे येईल हे सर्व्हरच्या घडणीवर ठरते. ओपनएलडॅप अनेक वर्षे बर्कली डीबी या साठवणप्रणालीवर चालत असे; त्या व्यवस्थेत साठवणप्रणालीचा वेगळा कॅश, नोंदींचा वेगळा, सूचीयाद्यांचा वेगळा, आणि या सर्वांखाली ऑपरेटिंग सिस्टिमचा स्वतःचा, असे थर एकावर एक साचत. प्रत्येकाचा आकार हाताने ठरवावा लागे, आणि तो नीट ठरवणारा व न ठरवणारा यांच्या कसोट्यांमध्ये एकाच सॉफ्टवेअरच्या आकड्यांत मोठी तफावत पडे. २०११ मध्ये हॉवर्ड चू यांनी एलएमडीबी ही नवी साठवणप्रणाली पुढे आणली. तिच्यात माहितीची फाइल थेट मेमरीच्या पत्त्यांवर मांडली जाते आणि कोणते पान मेमरीत ठेवायचे याचा निर्णय सर्वस्वी ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवला जातो. वाचणाऱ्यांना कुलूप, म्हणजे इतरांना थांबवून ठेवणारा ताबा, घ्यावे लागत नाही, लिहिणारा मात्र एका वेळी एकच असतो. यामुळे मांडणीची कटकट संपली, पण त्याच क्षणी सर्व्हरचा वेग ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरी-व्यवस्थापनाशी अधिक घट्ट बांधला गेला. जावामध्ये लिहिलेल्या सर्व्हरांचे दुखणे निराळे असते: तेथे वापरून झालेली मेमरी मोकळी करण्यासाठी मधूनमधून साफसफाई होते, आणि मेमरीचा भाग फार मोठा दिला व साफसफाईची पद्धत जुनी ठेवली तर त्या काळात सर्व्हर सेकंद-दोन सेकंद निश्चल राहू शकतो.

लेखनाची कसोटी हा या विषयाचा सर्वाधिक फसवा भाग आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कचे सेकंदाला १२० फेरे होतात, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. प्रत्येक बदल डिस्कवर पक्का झाल्यावरच ‘झाले’ असे उत्तर द्यायचे आणि बदल एकामागून एक करायचे असे ठरवले, तर अशा एका डिस्कवर सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशेहून अधिक लेखने होणे शक्य नाही, मग प्रोसेसर कितीही वेगवान असो. याच यंत्रावर कोणी सेकंदाला हजारो लेखनांचा आकडा दाखवला तर त्याचा अर्थ तीनपैकी एक असतो: अनेक बदल एकत्र बांधून एकदाच डिस्कवर उतरवले जात आहेत, किंवा वीज गेली तरी माहिती टिकवणारी बॅटरीवाली मेमरी डिस्कच्या पुढे बसवलेली आहे, किंवा माहिती पक्की होण्याआधीच ‘झाले’ असे सांगितले जात आहे. पहिल्या दोन गोष्टी योग्य अभियांत्रिकी आहेत. तिसऱ्या गोष्टीत वीज जाताच शेवटचे काही बदल नाहीसे होतात, आणि काढून टाकलेल्या कामगाराचे खाते पुन्हा चालू झालेले आढळू शकते.

ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रभाव येथे जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचित दिसतो. माहिती डिस्कवर पक्की करा अशी विनंती करण्यासाठी युनिक्स घराण्यात एफसिंक ही आज्ञा आहे. आजच्या लिनक्सवर, नेहमीच्या मांडणीत, ही आज्ञा डिस्कच्या आतील तात्पुरत्या मेमरीतील मजकूरही कायम जागी उतरवून घेते. मॅकओएसवर तीच आज्ञा मजकूर डिस्कच्या हवाली करून परत येते, आणि खरोखर कायम जागी उतरवण्यासाठी एफ-फुलएफसिंक ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. म्हणून फक्त पहिली आज्ञा वापरणारे सॉफ्टवेअर मॅकओएसवर कितीतरी वेगवान भासेल, पण हा वेग टिकाऊपणा कमी करून मिळालेला असेल. दोन ऑपरेटिंग सिस्टिमांच्या लेखनवेगाची तुलना करण्यापूर्वी दोन्हीकडे टिकाऊपणाची हमी सारखीच आहे हे पाहणे म्हणूनच अनिवार्य ठरते, आणि हे पाहिल्याचा उल्लेख नसलेला तक्ता बाजूला ठेवणे इष्ट.

हजारो जोडण्या एकाच वेळी उघड्या असताना त्यांपैकी कोणत्या जोडणीवर नवा प्रश्न आला आहे हे शोधण्याच्या पद्धतीही ऑपरेटिंग सिस्टिमनुसार बदलतात. जुन्या सिलेक्ट पद्धतीत दर वेळी सर्व जोडण्यांची यादी चाळावी लागे, आणि युनिक्सांवर ती यादी बहुधा १,०२४ वर थांबे. फ्रीबीएसडीतील केक्यू, लिनक्समधील ईपोल आणि विंडोजमधील पूर्तता-पोर्ट या पद्धतींनी तो अडसर आपापल्या परीने दूर केला. सर्व्हर त्या त्या सिस्टिमची उत्तम पद्धत वापरतो की सर्वत्र चालणारी जुनी पद्धत, यावर त्याचा आकडा ठरतो, आणि ‘अमुक सिस्टिम मंद आहे’ असा काढलेला निष्कर्ष पुष्कळदा ‘अमुक सिस्टिमसाठी हे सॉफ्टवेअर मन लावून लिहिलेले नाही’ एवढाच असतो.

प्रोसेसरच्या बाबतीत सनच्या अल्ट्रास्पार्क टी१ या २००५ मधील चिपचे उदाहरण बोलके आहे. तिच्यात आठ कोअर आणि प्रत्येकी चार, म्हणजे एकूण ३२ थ्रेड होते. एकेका थ्रेडचा वेग बेताचा, पण एक थ्रेड मेमरीची वाट पाहत असताना दुसरा काम करीत असे. शेकडो ग्राहकांचे लहान लहान शोध हाताळण्यासाठी ही रचना अनुकूल होती. परंतु ज्या सॉफ्टवेअरमध्ये एखादे सामाईक कुलूप प्रत्येक क्रियेला घ्यावे लागे ते तिच्यावर अडखळे, कारण ३२ थ्रेड एकाच कुलपापुढे रांग लावत. दहा टक्के काम जरी एकट्याने करावे लागणारे असेल तरी कितीही प्रोसेसर जोडून वेग दहापटीच्या पुढे जात नाही, हा जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम येथे जसाच्या तसा लागू होतो. म्हणून एका कोअरवरील आकडा घेऊन सोळा कोअरसाठी त्याला सोळाने गुणणे ही कसोटीवाचनातील ढोबळ चूक आहे.

बाइंडचे गणित मात्र अगदी वेगळे आहे, आणि कारखान्याच्या दृष्टीने तेच अधिक जवळचे आहे. पासवर्ड सुरक्षित राहावा म्हणून तो मूळ रूपात न ठेवता हॅश करून, म्हणजे उलट फिरवता न येणाऱ्या गणिती रूपात, ठेवला जातो. आणि चोरलेल्या हॅशवर अंदाज बांधून पासवर्ड शोधणे अवघड व्हावे म्हणून पीबीकेडीएफ२, आर्गॉन२ यांसारख्या नव्या पद्धती मुद्दाम संथ केलेल्या असतात. एका पडताळणीला एका कोअरची २० मिलिसेकंदे लागतात असे धरले, तर चार कोअरचे यंत्र सेकंदाला २०० च पडताळण्या करू शकेल, जरी तेच यंत्र सेकंदाला दहा-वीस हजार शोध देत असले तरी. जुनी, जलद हॅशपद्धत ठेवलेला सर्व्हर या कसोटीत सहज पुढे दिसतो, आणि तो पुढे असण्याचे कारण त्याची सुरक्षितता कमी आहे हे असते. दोन हजार कामगारांपैकी सातशे जण पाळीच्या सुरुवातीच्या पाच मिनिटांत आत आले तर सेकंदाला सरासरी अडीचपेक्षा कमी पडताळण्या होतात; गर्दी एका मिनिटात एकवटली तरी बारा. अशा कारखान्यासाठी सर्वांत संथ, सर्वांत सुरक्षित पद्धतही पुरेशी आहे, आणि वेगासाठी तिचा त्याग करण्याचे काहीच कारण उरत नाही.

आकडा काढण्याची पद्धत सदोष असेल तर वरील सर्व दक्षता व्यर्थ जाते. सर्वसाधारण कसोटीत ठरावीक ग्राहक एकापाठोपाठ एक प्रश्न विचारतात आणि उत्तर आल्याशिवाय पुढचा प्रश्न विचारत नाहीत. जॉन लिटल यांच्या १९६१ च्या सिद्धतेनुसार एका वेळी व्यवस्थेत असलेली कामे म्हणजे येण्याचा वेग गुणिले सरासरी थांबण्याचा वेळ; तेव्हा २०० ग्राहक आणि प्रत्येकी १० मिलिसेकंद म्हटले की वेग सेकंदाला २०,००० निघतो. आता हा सर्व्हर दर मिनिटाला एक पूर्ण सेकंद निश्चल होतो असे समजा. त्या सेकंदात २०० ग्राहकही थांबून राहतात, नवा प्रश्न कोणीच विचारत नाही, आणि मिनिटातील सुमारे पावणेबारा लाख उत्तरांपैकी केवळ २०० उत्तरे उशिराची म्हणून नोंदली जातात. शंभरातील नव्याण्णव उत्तरे किती वेळात आली असे विचारले तर कसोटी १० मिलिसेकंद असेच सांगते. प्रत्यक्षात माणसे सर्व्हर थांबला म्हणून यायची थांबत नाहीत. सेकंदाला २०,००० प्रश्न येतच राहिले तर त्या एका सेकंदात आलेले २०,००० प्रश्न, म्हणजे मिनिटातील सुमारे १.७ टक्के, तुंबतात, आणि सर्वांत मंद एक टक्का उत्तरांना किमान ४०० मिलिसेकंद लागतात. एकच सर्व्हर, एकच मिनिट, आणि मोजण्याच्या रीतीमुळे चाळीसपटीचा फरक. सरासरीचा आकडा यातले काहीच दाखवत नाही. म्हणून विलंबाचे शेवटचे टक्के मागावेत, आणि भार देणारी आज्ञावली सर्व्हरच्या सवडीने चालते की घड्याळाने, हेही विचारावे. सनमध्ये नील विल्सन यांनी घडवलेल्या स्लॅम्ड या साधनाने अनेक यंत्रांवरून एकाच वेळी भार देण्याची सोय केली, कारण भार देणारे यंत्रच थकले तर मोजला जातो तो त्या यंत्राचा वेग.

अशा कसोट्यांच्या इतिहासात माइंडक्राफ्ट या कंपनीचे नाव दोन कारणांनी येते. एलडॅप सर्व्हर मोजण्यासाठी डिरेक्टरीमार्क ही कसोटी तिने तयार केली, आणि एप्रिल १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खर्चाने विंडोज एनटी आणि लिनक्स यांची फाइल व वेब सर्व्हर म्हणून तुलना प्रसिद्ध केली. यंत्र चार प्रोसेसरचे आणि चार नेटवर्क कार्डांचे होते. लिनक्स बरेच मागे पडले. मांडणी अन्यायाची आहे असा आक्षेप घेतला गेला, पुन्हा चाचण्या झाल्या, आणि मांडणी सुधारूनही लिनक्स त्या यंत्रावर मागेच राहिले, कारण तेव्हाच्या २.२ आवृत्तीतील नेटवर्कचे काम अनेक प्रोसेसरांवर नीट विभागले जात नव्हते. जानेवारी २००१ च्या २.४ आवृत्तीत हा दोष मोठ्या प्रमाणावर दूर झाला. एका बाजूच्या पैशाने, तिला सोयीचे यंत्र निवडून केलेली ती तुलना होती यात शंका नाही. तरीही तिची मांडणी उघड केलेली असल्यामुळे दुसऱ्यांना ती पडताळता आली, आणि त्यातूनच खरा दोष सापडला. पडताळता येणारी पक्षपाती कसोटी ही न पडताळता येणाऱ्या निःपक्षपाती कसोटीपेक्षा अधिक उपयोगी असते, हे त्या प्रकरणातून ठामपणे म्हणता येते.

याच्या उलट टोकाला डीविट कलम उभे आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील डेव्हिड डीविट आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये डेटाबेसांची तुलना प्रसिद्ध केली, तिच्यात ओरॅकलची कामगिरी कमी दिसली, आणि त्यानंतर विक्रेत्याच्या संमतीशिवाय कसोटीचे निकाल प्रसिद्ध करू नयेत अशी अट परवाना-करारांत दिसू लागली. अनेक व्यापारी सॉफ्टवेअरच्या करारांत ही अट आजही आढळते. व्यवहार-डेटाबेसांसाठी टीपीसी या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या मंडळाच्या कसोट्या तरी आहेत. डिरेक्टरी सर्व्हरसाठी या मंडळाची कोणतीही कसोटी नाही, त्यामुळे तुलनेचे काम विक्रेत्यांच्या तक्त्यांवर आणि वापरणाऱ्यांच्या स्वतःच्या चाचण्यांवर सोडलेले आहे.

कागदावरील क्षमता आणि मोजलेली क्षमता यांच्यातील अंतर महाराष्ट्राने महासंगणकांच्या बाबतीत जवळून पाहिले आहे. पुण्याच्या कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या टाटा समूहातील संस्थेचा ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जागतिक ५०० च्या यादीत चौथा आला. त्याची कागदोपत्री क्षमता सुमारे १७१ टेराफ्लॉप होती आणि लिनपॅक कसोटीवर मोजलेली ११७.९, म्हणजे सुमारे ६९ टक्के; यादीतील क्रम मोजलेल्या आकड्यावरच ठरला. तेथे यंत्रे अनेक आणि कसोटी एक होती. डिरेक्टरी सर्व्हरच्या जगात अशी एक कसोटी नाही, आणि प्रश्नांचे मिश्रण प्रत्येक संस्थेचे वेगळे असल्याने ती असूनही फारशी उपयोगी पडली नसती.

सिल्वासाच्या परिसरातील कारखान्याने, शाळेने किंवा रुग्णालयाने म्हणून कसोटी स्वतःच घ्यावी. तिला प्रयोगशाळा लागत नाही: घ्यावयाचे यंत्र किंवा त्याच्या जवळचे यंत्र, स्वतःच्या हजेरीपटाशी मिळतीजुळती नावे, भार देण्यासाठी वेगळा संगणक आणि एक दिवसाची मोकळीक एवढे पुरते. पाळी बदलण्याची गर्दी उभी करावी. सर्व्हर नुकताच चालू केलेला, मेमरी रिकामी असताना आणि तो तासभर चालल्यानंतर, अशा दोन्ही अवस्थांत मोजावे. उन्हाळ्यात वातानुकूलन बंद पडले की तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, तेव्हा एक चाचणी मे महिन्याच्या दुपारीही घ्यावी. शेवटी, लेखन चालू असतानाच विजेची तार काढावी, आणि यंत्र पुन्हा चालू झाल्यावर ‘झाले’ म्हणून सांगितलेला प्रत्येक बदल जागेवर आहे की नाही हे मोजून पाहावे. दोन हजार माणसांच्या संस्थेसाठी वर उल्लेखिलेला प्रत्येक सर्व्हर आजच्या साध्या यंत्रावर वेगाच्या दृष्टीने पुरेसा आहे. निवड या शेवटच्या चाचणीवर करावी, आणि वाचलेले पैसे अधिक कोअरवर न घालवता दुसऱ्या यंत्रावर व भरवशाच्या यूपीएसवर खर्च करावेत.